एका माणसाचा साचा

"वाजवून बघा की," शरयूबाई म्हणाल्या. "मी तुमचा कान आणलाय इथं. तुम्ही नुसते त्याच्याबरोबर आलाय."

मी बोटाचं पेर मुडपून ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर मारलं. टण्ण असा आवाज निघाला, शेडच्या आढ्यापर्यंत गेला आणि सावकाश विरला. मग शेजारी टेकवून ठेवलेल्या फायबरच्या तुकड्यावर मारलं. ठप्. आवाज जिथं निघाला तिथंच बसला.

"काय म्हणताहेत दोघं?"

"पत्रा काळी चारच्या जवळपास बोलतोय, बुवा. तुमच्याच सुरात. फायबर मुकं आहे."

"मग फायबर बरं. बोलायला मी आहे की."

बाबालाल मणेर मोठ्यानं हसला. मिरजेहून सांगलीकडे जाताना रस्त्याला लागूनच त्याची शेड. गाड्यांच्या बॉड्या बांधायचा. दुधाच्या गाड्या, बर्फाच्या गाड्या, एकदा कुणाच्या तरी वरातीसाठी हत्तीच्या आकाराची गाडीसुद्धा त्यानं बांधली होती. पण कीर्तनकारासाठी फिरती खोली बांधायचं काम पहिल्यांदाच आलेलं, म्हणून स्वारी खुशीत होती.

त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली. चैत्र होता. रामाच्या देवळात नवरात्र बसलं होतं आणि रोज संध्याकाळी शरयूबाई लिमयांचं नारदीय कीर्तन. पेटीच्या साथीला मी. माझं मिरजेत पेट्या दुरुस्त करायचं दुकान होतं. घरी मी एकटाच. लग्नाचं वय आलं तेव्हा आईचं दुखणं होतं, आणि आई गेली तेव्हा वय गेलेलं होतं. कीर्तनाचं वेड मात्र लहानपणापासूनचं. कुठल्याही देवळात बुवा उभा राहिला आणि झांजेचा पहिला ठोका पडला की हातातलं काम ठेवून मी तिकडे निघतो, अजून निघतो. देव मला मूर्तीत कमी भेटला, कीर्तनात जास्त.

शरयूबाई तासगावच्या. यजमान बेदाण्याचे व्यापारी होते. ते वारल्यावर दुकान दिरांकडे गेलं आणि बेदाणे वाहायची पिकअप तेवढी बाईंकडे राहिली. ती त्या स्वतः चालवायच्या. नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला, कपाळाला बुक्का आणि हात स्टिअरिंगवर. गाडी गावात शिरली की माणसं पारावरून उठून बघायची. माल बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी मागच्या हौद्यातून बेदाण्यांचा वास यायचा.

सगळी मिरज त्यांना ताई म्हणायची. बाई कीर्तनकाराला ताईच म्हणतात. मी एकटा बुवा म्हणायचो. पहिल्याच भेटीत म्हटलं होतं, पुरुष गादीवर उभा राहिला की बुवा होतो, मग बाई उभी राहिली की का नाही? त्यांना गंमत वाटली होती. ताई न म्हणण्याचं माझं दुसरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि मला त्या पेटीवाले म्हणायच्या.

त्या वर्षी बाईंना रामनवमीनंतर लांबलांबची बोलावणी आली होती. कोकणातले उत्सव, मग बेळगावकडची गावं, मग पार मराठवाड्यापर्यंत. दिवाळीपर्यंत घरी परतायचं नाही. मुक्काम त्या-त्या गावच्या यजमानांच्या घरी. त्याचाच त्यांनी धसका घेतला होता.

"माणसं फार प्रेमळ असतात हो," त्या मणेरला सांगत होत्या. "पण कीर्तन झालं की प्रेमानं भोवती बसतात आणि बोलायला लावत राहतात. घसा झोपायला नको का? आणि परक्याच्या घरी घोरायचीसुद्धा चोरी."

"ताई, तुमी घोरता?"

"काळी चारमध्ये."

तर पिकअपच्या हौद्यावर एक लहानशी खोली बसवायची असं त्यांनी मनात घेतलं होतं. छप्पर वर-खाली होणारं. रस्त्यानं जाताना खाली बसवायचं, कारण गावांच्या वेशी बुटक्या आणि आंब्याच्या फांद्या त्याहून खाली. मुक्कामी पोचलं की छप्पर चार दांड्यांवर वर उचलायचं, मधल्या जागेत जाड कापड ताणायचं, म्हणजे आत उभं राहता येतं. दिवा लावता येतो, पूजा करता येते, आपल्या हातचा भात शिजवता येतो. खालच्या भिंती कशाच्या करायच्या, फायबरच्या की ॲल्युमिनियमच्या, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

मणेरनं खांद्यावरचा फडका काढून दोन्ही तुकडे पुसले, जणू लग्नाची स्थळं दाखवायची होती.

"हे फायबर. साच्यातनं अख्खं निघतं. सांधा न्हाई, म्हणून गळती न्हाई. फांदी घासली तरी पोचा येत न्हाई, उन्हात पत्र्याएवढं तापत न्हाई. पण एक हाय. साचा माझ्याकडं एकच हाय. त्यात झोपायला एक फळी बसती. एका माणसाचा साचा हाय म्हणा ना. दुसरा करायचा म्हंजे पावसाळा उजाडंल."

"आणि पत्रा?"

"पत्रा म्हंजे काय, सांगाल तसा. खाली सांगाडा, वर पत्रा, रिव्हेट मारायचे. दोन फळ्या घाला, कप्पे काढा, खिडकी पाडा, उद्या आणि वाढवा. पोचा आला तर ठोकून काढायचा. तापतो, पाऊस आला की कानठळ्या बसवतो, ही खोड. पण माणसं दोन असली तर पत्र्याशिवाय इलाज न्हाई." मग त्यानं बाईंकडे बघून सरळ विचारलं, "आता सांगा ताई, झोपणार किती माणसं?"

शेडमागे कुणीतरी लोखंड कापत होतं. ते नेमकं तेव्हाच थांबलं.

मी पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिलो. दोघांची खोली म्हणजे काय, हे तिथं उभ्या असलेल्या तिघांनाही कळत होतं. एक विधवा कीर्तनकार आणि तिचा बिनलग्नाचा पेटीवाला एका छपराखाली दिवाळीपर्यंत फिरायचे, तर निघण्याआधी कुठल्या तरी देवासमोर उभं राहून एकमेकांना हार घालावे लागणार. मी बऱ्याच दिवसांपासून याच प्रश्नाशेजारी जाऊन परत येत होतो. आणि मणेरनं तो फळ्यांच्या हिशेबानं विचारून टाकला.

"उद्या सांगते," बाई म्हणाल्या.

परतताना त्या गाडी सावकाश चालवत होत्या. सांगलीकडचा रस्ता उन्हानं पांढरा पडला होता.

"तुमचं काय मत, पेटीवाले?"

"कशाबद्दल?"

"फायबर की पत्रा?"

"माझं कसलं मत, बुवा? सूर तुम्ही लावायचा. मी मागून येणार."

"नेहमी मागूनच?"

"साथ म्हणतात त्याला."

त्यांनी गिअर बदलला.

आता हे सांगायला हवं. पेटीवाल्याला एकच गोष्ट शिकवलेली असते. गाणाऱ्याच्या पुढं जायचं नाही. बुवा कुठं वळणार हे कळलं असलं तरी तो वळेपर्यंत थांबायचं, आणि वळला की त्याच्या पाठोपाठ असं जायचं की ऐकणाऱ्याला वाटावं, दोघं एकदमच वळले. मी ते इतकी वर्षं केलं होतं की दुसरं काही मला येतच नव्हतं. मी थांबलो होतो. त्या वळल्या असत्या तर मी पाठोपाठ होतोच.

दुपारी देवळाच्या सभामंडपात मी पेटी उघडून बसलो होतो. एक सूर धुळीनं अडत होता. बाई ओवरीतून आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि पेटीच्या झाकणावर हात पसरून वीत टाकली. मग दुसरी. मग तिसरी, आणि वर दोन बोटं.

"काय चाललंय?"

"बघते, एवढीशी पेटी आणि एवढी जड का."

"सूर आहेत आत."

"हं." त्यांनी पेटीची उंचीही वितेनं मोजली. ओठ हलत होते, जसं लहान मूल पाढा म्हणतं. "उचलून फिरवायला तुम्हाला त्रास होत असेल."

"सवय आहे. आज सेतुबंधनच ना? वानरांच्या गडबडीला मी जरा चढी लय धरतो. तबलजींना सांगून ठेवतो."

"सांगा," म्हणाल्या, आणि उठल्या. "मी जरा जाऊन येते."

पिकअपचा आवाज वेशीकडे गेला. उन्हं कलल्यावर त्या परत आल्या तेव्हा केस विस्कटलेले आणि चेहरा असा, जसा कीर्तन रंगल्यावर असतो. पदराच्या काठावर बारीक रुपेरी काहीतरी चमकत होतं. उत्सवात देवळात चमकी उडतच असते. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी मंडप भरला. बाईंनी गादीला नमस्कार केला आणि उभ्या राहिल्या. नारदाच्या गादीवर उभं राहिलेल्या माणसाची एक रीत असते. आरती होईपर्यंत तो कुणाला नमस्कार करत नाही, कुणाशी घरगुती बोलत नाही. त्याच्या तोंडून त्या वेळी जे निघतं ते देवासाठी असतं, असं आम्ही मानतो. मी तर फार मानतो.

पूर्वरंग नेहमीसारखा झाला. भक्तीचं निरूपण, दोन पदं, मध्ये लोकांना हसवणं. मध्यंतरात बुक्का लावला, हार घातले. मी वानरांच्या गडबडीसाठी बोटं मोकळी करून बसलो. आणि उत्तररंग सुरू झाला तो समुद्रकाठी नाही, विदर्भात. रुक्मिणीच्या महालात.

पुढच्या रांगेत देवळाचे पंच गोगटे बसले होते. ते शेजाऱ्याकडे वळून काहीतरी पुटपुटले. तबलजीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, चल मागून.

बाई सांगत होत्या, "रुक्मिणीचं लग्न दुसऱ्यांनी ठरवलेलं. लोक काय म्हणतील, भाऊ काय म्हणेल, सगळं तिला ठाऊक आहे. पण आयुष्य तिचं आहे ना? मग तिनं काय केलं? रडत बसली? नाही. राजाच्या लेकीनं स्वतःहून निरोप धाडला. म्हणजे तिनं किती धीर केला असेल बघा! बाईमाणसानं आपणहून म्हणायचं, ये, मी तुझ्यासाठी थांबले आहे. शब्द तोंडातून निघेपर्यंत घसा किती वेळा सुकला असेल!"

मी सूर धरून होतो, पण डोळे भरून आले होते.

"आणि निरोप पोचला द्वारकेला. देवानं ऐकला. आता देव काय म्हणाला? वा, काय गोड निरोप आहे, असं म्हणाला? शब्दांचं कौतुक करत बसला?" बाई थांबल्या. "कौतुक नाही केलं त्यानं. उठला. रथ जुंपा म्हणाला."

माणसं हसली, कुणीतरी टाळी वाजवली.

"रथ केवढा होता? फार मोठा नव्हता बरं का. पण दोघांना पुरला."

हे म्हणताना त्या वळल्या. गादीवरून सहसा मागं वळत नाहीत, पण त्या वळल्या आणि पेटीकडे बघितलं. चिपळी धरलेला हात तसाच वर राहिला. मला वाटलं, सूर कमी पडतोय. मी भाता जोरात दाबला आणि त्यांची काळी चार भरून दिली. एक क्षण त्या तशाच बघत राहिल्या. मग लोकांकडे वळल्या आणि पद उचललं. असं पद मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

आरती झाली. पंच गोगटे लगोलग पुढे आले.

"ताई, कीर्तन झकास. पण रामाच्या देवळात, नवरात्रात, कृष्णाची गोष्ट? सेतुबंधन लावलं होतं आम्ही फळ्यावर."

बाई काही बोलायच्या आत मीच बोललो. मला राहवलंच नाही. "पंत, राम काय आणि कृष्ण काय! आणि ही रुक्मिणीची गोष्ट कुठं होती? हा जीव होता जीव. परमेश्वरासाठी तळमळणारा. तो निरोप, तो रथ, सगळं आतलं आहे हो. असं निरूपण मी आजवर ऐकलं नाही. बुवांनी आज संसाराचं नावसुद्धा राहू दिलं नाही त्यात."

गोगट्यांना ते पटलं. "हो, तसं बघितलं तर खरं," म्हणत ते प्रसादाकडे वळले.

मी बाईंकडे वळलो. त्या अजून गादीवर होत्या. "काय बोललात आज, बुवा! ऐकत राहावं असं," मी म्हटलं आणि रोजच्यासारखा त्यांच्या पायांशी वाकलो.

त्यांनी पाय मागं घेतले. अगदी थोडे. "आज नको."

"अहो, मी गादीला नमस्कार करतोय."

मग त्या म्हणाल्या, "हो. गादीलाच."

त्यांनी माझ्या कपाळाला बुक्का लावला. बोट गार होतं. मला वाटलं, थकल्या असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मणेरकडे गेलो. मी धुतलेला सदरा घातला होता. का, ते मी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

बाई गाडीतून उतरल्या त्या सरळ फायबरच्या तुकड्यापाशी गेल्या. "मणेर, हेच करा."

मणेरच्या हातात पत्रा कापायची कात्री होती. "ताई, पण काल तुमी—"

"काल कालचं होतं. आज फायबर."

"अवो पण—"

"मुकंच बरं आहे ते. पावसात आवाज नको. एका माणसाला पुरतं ना?"

मणेरनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग हातातल्या कात्रीकडे. "पुरतं," म्हणाला.

मला उत्तर मिळालं होतं. कुणाचा अपमान न करता, कुणाला तोंडावर न तोडता. किती नेटकं सांगितलं, असंच मला वाटलं त्या वेळी. आत काय झालं ते झालं. मी म्हटलं, "चांगलं केलंत. फायबरला काही होत नाही."

"नाही ना?" त्या म्हणाल्या. "मग बरं, अच्युतराव."

पेटीवाले म्हणणं तिथून संपलं.

नवमी उलटली, खोली तयार झाली. देवळासमोर बाईंनी ती सगळ्यांना उघडून दाखवली. छप्पर उचलायला मी हात लावला. कापडी भिंती ताणल्या गेल्या, आत उजेड झाला. एक फळी, एक देव्हारा, एक स्टोव्ह. बायका म्हणाल्या, किती सुबक! बाई पिकअपमध्ये चढल्या.

"तिथं सूर द्यायला कोण असेल, देव जाणे," त्या समोर बघत म्हणाल्या.

"देऊळ आहे तिथं पेटी असतेच, बुवा."

"असते. खरं आहे."

त्यानंतर दर चैत्रात त्या यायच्या. पांढरी खोली देवळामागच्या पिंपळाखाली उभी राहायची. मी साथ करायचो, पायांशी वाकायचो, त्या बुक्का लावायच्या. संध्याकाळी छपराखालच्या कापडातून दिव्याचा उजेड दिसायचा आणि आत एकट्या त्यांची सावली, भात ढवळणारी. मी रस्त्याच्या पलीकडून बघून घरी जायचो. पुढच्या चैत्राची वाट बघायला वर्ष पुरायचं. रुक्मिणीची गोष्ट त्यांनी पुन्हा लावली नाही. गोगट्यांनी एकदा स्वतःहून मागितली, तर म्हणाल्या, "ती आता येत नाही मला."

गेल्या वर्षी त्या गेल्या. मराठवाड्यात एका देवळाच्या आवारातच, पहाटे, त्याच फळीवर. झोपेत. अशा माणसाला असंच मरण यावं, असं सगळे म्हणाले, मीही म्हणालो.

भाच्यानं पिकअप विकली. घेणाऱ्याला खोली नको होती, म्हणून ती मणेरच्या शेडमध्ये उतरवून ठेवलीय असं कानावर आलं. मी गेलो.

मणेर म्हातारा झाला होता, पण शेडमध्येच खुर्ची टाकून बसलेला. "या, पेटीवाले," म्हणाला. ते नाव कितीतरी वर्षांनी ऐकलं.

खोली कोपऱ्यात विटांवर ठेवली होती. इतकी वर्षं, इतके रस्ते, आणि फायबरला खरंच काही झालं नव्हतं. मी आत वाकून बघितलं. फळी होती, देव्हाऱ्याची जागा होती. बुक्क्याचा वास होता, आणि त्याच्याखाली, कसा काय टिकला कोण जाणे, बेदाण्यांचा.

मणेरनं चहा मागवला. आम्ही शेडच्या पश्चिमेला बसलो. उतरत्या उन्हाला आडोसा म्हणून त्यानं तिथं जुने ॲल्युमिनियमचे पत्रे भिंतीसारखे ठोकले होते.

"वळखले का हे?" त्यानं विचारलं.

"काय?"

"हे पत्रे. ताईंचेच हैत."

"ताईंनी तर फायबर घेतलं."

"ते दुसऱ्या दिवशी. आदल्या दुपारी येऊन पत्रा सांगून गेल्या होत्या की. इथं उभ्या राहून कापून घेतला. म्हणाल्या, दोन फळ्या घाला मणेर, समोरासमोर. सगळी चुरी उडत हुती अंगावर, मी म्हटलं, ताई लांब सरा, तर ऐकायला तयार न्हाईत. हसत हुत्या." त्यानं चहाचा घोट घेतला. "आणि सकाळी येऊन फायबर म्हणाल्या. मला वाटलं, तुमीच नको म्हणाला असाल."

मी कप खाली ठेवला.

"तुमाला ठाऊकच असंल म्हणून मी कधी काढलं न्हाई," तो म्हणाला. "तुमाला ठाऊक हुतं न्हवं?"

मी उठून पत्र्यापाशी गेलो. पेर मुडपून ठोका मारला. चारी बाजूंनी खिळे ठोकलेले, आवाज आला तो जाड आणि बसका. कुठलाच सूर नव्हता त्यात.

पत्र्यात कमरेच्या उंचीला एक चौकोन कापलेला होता. त्यातून मावळतीचं ऊन आत आलं होतं आणि जमिनीवर तेवढाच उजेडाचा तुकडा पडला होता.

"ही खिडकी?"

"खिडकी न्हवं. खिडक्या वर कापडात हुत्या. तिथं बाहेरच्या अंगाला कप्पा काढायचा हुता, पेटी बसवायला. म्हणाल्या, त्यांना रोज उचलाय लागू नये. माप पण अजब दिलं त्यांनी. तीन वीत आणि दोन बोटं. मी म्हटलं, ताई, इंचात सांगा, तर म्हणाल्या, इंचात मोजलं न्हाई, माझी वीत घ्या. आणि इथंच, या पत्र्यावर हात ठेवून मोजून दिलं."

मी चौकोनाच्या खालच्या काठावर हात पसरला. एक वीत. दुसरी. तिसरी पुरी व्हायच्या आधीच चौकोन संपला.

पुन्हा पहिल्यापासून लावली. अंगठा आणि करंगळी थोडी जवळ घेतली. आणखी थोडी घेतली. माझा हात तिच्या हाताएवढा झाला, तेव्हा माप बरोबर बसलं.